‘आय. यू.’ : एका संक्षेपाचा अर्थ

औषधाच्या कुपीवर आकड्यापुढे ‘आय. यू.’ ही दोन अक्षरे पुष्कळदा छापलेली आढळतात. ‘इंटरनॅशनल युनिट’ या शब्दांची ही आद्याक्षरे होत. मराठीत त्यांस ‘आंतरराष्ट्रीय एकक’ म्हणतात.

ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. आंतरराष्ट्रीय एकक हे पदार्थाच्या जैविक परिणामाचे माप होय. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन मिळविले, तेव्हा तो अर्क शुद्ध नव्हता; केवळ वजनावरून त्याचे सामर्थ्य कळणे शक्य नव्हते. म्हणून सशाच्या रक्तातील साखर तो किती उतरवितो, यावरून त्याचे एकक ठरविण्यात आले. अशा पदार्थांचे प्रमाण-नमुने आज जागतिक आरोग्य संघटना निश्चित करते.

प्रत्येक पदार्थाचे एकक निराळे असते, हे ध्यानात ठेवावे. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. परंतु रेटिनॉल या रूपातील अ जीवनसत्त्वाची तितकीच एकके १२ मायक्रोग्रॅम भरतात. एका पदार्थाचा हिशेब दुसऱ्यास लावता येत नाही.

हा संक्षेप हाताने लिहिण्यात धोका आहे. घाईत लिहिलेले ‘यू’ हे रोमन अक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ एककांची मात्रा ४० वाचली जाते. या कारणास्तव अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली ‘यू’ व ‘आय. यू.’ हे दोन्ही संक्षेप वर्ज्य ठरवून पूर्ण शब्द लिहिण्याचा नियम केला.

भारतात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. येथे इन्शुलिन दर मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते व प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव मावतो. त्यात १००चे इन्शुलिन भरल्यास रोग्यास २० ऐवजी ५० एकके मिळतात व रक्तातील साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. उलट, १००च्या सिरिंजने ४०चे इन्शुलिन घेतल्यास २०च्या रेघेशी केवळ ८ एकके येतात व साखर आटोक्यात राहत नाही.

तात्पर्य, मात्रा लिहिणाऱ्याने ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा आणि टोचणाऱ्याने कुपीवरील व सिरिंजवरील आकडा एकच असल्याची प्रत्येक वेळी खात्री करून घ्यावी.