रक्त लवकर थांबत नसेल तर

हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, तेव्हा आपण दुकानातून ताकदीची गोळी आणतो. आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासू या.

सीबीसी तपासणीत प्लेटलेट्स कळतात. त्या पुरेशा असल्या तरी रक्त गोठायला उशीर होऊ शकतो. त्यासाठी पीटी-आयएनआर तपासणी असते. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो.

रक्त गोठवणारे घटक यकृत बनवते. त्यांतल्या काहींसाठी के जीवनसत्त्व लागते. ते मेथी, पालक अशा पालेभाज्यांतून मिळते. बरेच दिवस जेवण न जाणे, अँटिबायोटिक लांबणे, पित्ताची नळी अडून कावीळ होणे, यांमुळे ते कमी पडते. आयएनआर वाढलेला असेल तर डॉक्टर के जीवनसत्त्व देऊन पुन्हा तपासतात. आकडा उतरला, तर कमतरता होती; नाही उतरला, तर यकृत तपासावे लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगू. आपल्या मनाने बंद करायची नाही. नवजात बाळात हे जीवनसत्त्व कमी असते, म्हणून जन्मताच के चे इंजेक्शन देतात. ते दिले का, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारू या.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे.