गाडीचा फेस, गाडीचा साबण



आपल्या शाळेतील कितीतरी मुलांच्या घरची चूल जीप, क्रूझर आणि टेम्पोवर पेटते. गाडी चकचकीत असली की लग्नसराईत भाडे आधी मिळते. म्हणून या वेळी आम्ही साध्याच विषयावर लिहीत आहोत : गाडी फेसाने धुवायची तर साबण कोणता घ्यावा?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "सर, कपड्याची पावडर टाकतो की, फेस मस्त येतो!" फेस येतो हे खरे. पण मळ फेस काढत नाही. तो काढतात साबणाचे रेणू. त्यांचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. फेसाचे काम वेगळे आहे. तो उभ्या पत्र्यावर चिकटून राहतो, धूळ भिजवतो आणि फडके घसरते ठेवतो. आपल्या बिदरची लाल धूळ म्हणजे जांभ्या दगडाचा चुरा. त्यात लोहाचे आणि वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे रंगावर पॉलिश पेपर घासण्यासारखेच.

आता पाणी. शहाबादी फरशी आपण रोज पायाखाली तुडवतो, ती चुनखडीच आहे. शहाबाद, सेडम, चित्तापूर भागात पावसाचे पाणी या दगडातून झिरपताना चुना विरघळवून घेते आणि तेच बोअरला लागते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे याला 'कठोर जल' म्हणत. कन्नडमध्ये 'गडसु नीरु'. मराठी पाठ्यपुस्तकातला शब्द मात्र आम्हाला फार आवडतो : 'दुष्फेन', ज्यात फेस नीट येत नाही ते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरली आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत.

अशा पाण्यात अंगाचा किंवा कपड्याचा वडीचा साबण घातला, तर पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला धरते आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते ना, तीच. गाडीवर तो साका काचेच्या रबरात आणि दाराच्या फटीत बसतो, त्यावर धूळ चिकटते. म्हणजे वडी बाद.

पावडरीचा साका होत नाही, कारण ती खरा साबण नसून डिटर्जंट असते. भारतात 'सर्फ' १९५९ मध्ये आली, पुढे १९६९ मध्ये 'निरमा', आणि घरोघर हीच सवय लागली. कपड्यांसाठी ती उत्तमच. पण पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तिच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास जातो. शुद्ध पाण्याचा ७. तीन अंकांचा फरक थोडा वाटतो, पण सामूच्या मोजणीत प्रत्येक अंक दहापट असतो, म्हणजे अल्कता हजारपट! असल्या पाण्याने गाडीवरचे मेण निघून जाते आणि मग उन्हाचा मारा थेट रंगावर. भांड्याचे द्रव साबण तितके तीव्र नसतात, तरी तेल काढणे हेच त्यांचे काम, त्यामुळे मेण तेही नेतात. संडास धुण्याचे आम्ल तर चाकांनाही लावू नये.

योग्य तो गाडीचा शाम्पू. त्याचा सामू ७ च्या जवळ असावा आणि बाटलीवर तसे लिहिलेले असावे. नसेल तर मुलांनी घरीच तपासावे. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा आणि त्यावर द्रावणाचा थेंब टाका. पिवळा राहिला तर ठीक, तांबडा झाला तर अल्क. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तोच हा प्रकार. दुसरा प्रयोग दोन बाटल्यांचा : एकीत बोअरचे पाणी, दुसरीत साठवलेले पावसाचे. दोन्हीत वडीचा सारखाच कीस घालून हलवा. वेगळे सांगावे लागणार नाही.

फेसासाठी यंत्रच हवे असे नाही. बादलीच्या तळाशी बाटलीवर सांगितले तेवढा शाम्पू टाकून वरून जोराने पाणी सोडले की पुरे. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवावी, मग टपापासून खाली यावे, फडके खळबळायला दुसरी बादली ठेवावी. नळी सोडून देऊ नये. १५ लिटरची बादली मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटांत ३०० लिटर गेले. उन्हाळ्यात औराद-भालकीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या बायाबापड्यांना हा हिशेब विचारा. गाडी मांजरा नदीत किंवा तळ्यात उतरवून धुणेही सोडावे. डिटर्जंटने माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि ऑइल पाण्यावर पसरते.

काही चालक धुतल्यावर रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवतात. चमक येते, पण वस्तीच्या पहिल्याच रस्त्यावर सगळी धूळ त्यावर बसते. त्यापेक्षा धुणे सावलीत करा आणि पाणी वाळण्याआधी सुती फडक्याने टिपून घ्या. नाहीतर चहाच्या पातेल्यात जमतात तसे पांढरे ठिपके पडतात. ठिपके आधीच पडले असतील, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घालून फडक्याने हलकेच पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे.