टिकलीखालचा डाग

१. माझा पहिला डाग कपाळावर उठला, बरोबर टिकलीएवढा. टिकलीचा गोंद राहिला असेल म्हणून मी तो नखानं खरवडत बसले. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "टिकली चिकटवता की कुंकू लावता?" काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग पडतात. त्या दिवसापासून मी मेणावर पिंजर लावते. पण चार महिन्यांत बोटांवर आणि ओठाच्या कडेलाही पांढरं दिसू लागलं. म्हणजे टिकली निमित्तमात्र, शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वतःच्या रंगपेशींवर उलटली होती. हे कोड होतं. कोड असलेल्यांना थायरॉइडचा त्रासही असू शकतो, म्हणून रक्त तपासलं. माझा निघालाच.

२. कोडाला कुणी 'श्वेतकुष्ठ' म्हणालं, तर तिथल्या तिथं अडवावं. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्यात डाग बधिर होतो. कोडाच्या डागावर सुई टोचा, चांगली दुखते! आणि ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. आमच्या आत्याबाईंना हे पटायला तीन दिवाळ्या गेल्या. तोवर मी फराळाचं ताट आणलं की त्यांना नेमका उपास असायचा.

३. बावचीचं तेल लावून उन्हात उभं राहायचं नाही. मी राहिले होते. मे महिना, सिडकोतल्या घराची गच्ची, दुपारचे बारा. तेल देणाऱ्यानं "जेवढं ऊन, तेवढा गुण" असं सांगितलेलं. संध्याकाळपर्यंत हातावर लिंबाएवढे फोड. बावची थोतांड नाही, हे मुद्दाम सांगते. तिच्यातलं सोरालेन कातडीला उन्हाबाबत हळवं करतं आणि त्याच तत्त्वावर डॉक्टरही उपचार करत आले आहेत. पण ते मोजूनमापून. मराठवाड्याच्या उन्हाला कुठलं माप? वर कोडात जिथं भाजतं, खरचटतं, तिथं नवा डाग येऊ शकतो. माझ्या मनगटावरचा डाग त्याच फोडांचा.

४. प्रकाशोपचाराला महिन्यांचा हिशेब लागतो. आठवड्यातून दोनदा वाळूजच्या कामावरून अर्धी सुट्टी टाकून यायचं, डोळ्यांना काळा चष्मा लावायचा आणि उभ्या नळ्यांच्या कपाटात शिरायचं. पहिल्या दिवशी काही सेकंदच. त्यातला ३११ नॅनोमीटरचा अतिनील किरण निद्रिस्त रंगपेशींना जागं करतो. सोबत चेहऱ्याला टॅक्रोलिमसचं मलम, कारण तिथं स्टेरॉइड फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. तीन महिने काहीच नाही. मग एका सकाळी आरशात कपाळावर तीळ पेरल्यासारखे तपकिरी ठिपके दिसले. रंग केसांच्या मुळांतून वर येतो. म्हणून चेहरा लवकर भरतो आणि बोटांची टोकं, ओठ हट्ट धरून बसतात. तिथं केसच नाहीत ना! डागातला केस पांढरा झाला असेल, तर तिथंही आशा थोडी कमी धरावी.

५. डाग वर्षभर जागचे हलले नसतील तरच शस्त्रक्रियेचं बोलायचं. मांडीची कातडी किंवा तिच्यातल्या रंगपेशी डागावर बसवतात. माझे हलत होते, मी त्या वाटेला गेले नाही. रक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला कोडासाठी २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. नाव ऐकून हुरळू नये, डॉक्टरांना विचारावं.

६. दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं कोड होत नाही. मी तर जन्माची शाकाहारी.

७. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' आहे, कोड असलेल्यांचा स्वमदत गट. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६चा चित्रपट याच विषयावरचा. तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचे ब्लाउज कपाटात गेले. उपचारांनी कपाळ भरलं, बोटं मात्र पांढरीच राहिली. परवा टी.व्ही. सेंटरला भाजीवालीनं पैसे घेताना विचारलं, "ताई, हात पोळला का वो?"

"नाही गं, कोड आहे."

"अस्सं व्हय," ती म्हणाली आणि पिशवीत मेथीची जुडी टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.