हसऱ्या चित्रांतील प्राणी

आमच्या लिंबायत भागात साडी ही काही नवलाची वस्तू नव्हे. कित्येक घरांत साड्यांना टिकल्या व लेस लावण्याचे काम चालते. फुले, वेली, मोर अशी नक्षी आम्ही नित्य पाहतो. परंतु साडीवर मांजरे छापलेली असली आणि तिच्याशेजारी उंदरांच्या नक्षीचा सदरा घालून कोणी उभा राहिला तर?

ही कल्पना सुप्रसिद्ध व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची. त्यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मांजरांची साडी नेसलेली तरुणी व उंदरांचा सदरा घातलेला तरुण हे त्यांचे चित्र १९५२ साली ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आले. चित्रात संवाद नाही. तरी पाहणाऱ्यास हसू येते. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, मांजर व उंदीर यांचे वैर सर्वांस ठाऊक असते. चित्रकार ते सांगत बसत नाही. पुढे काय घडेल ते आपलेच मन रचते. दुसरे असे की, येथे कोणाच्या व्यंगावर बोट ठेवलेले नाही. म्हणून ते हास्य निर्मळ आहे. तिसरे कारण आम्हांस फार मोलाचे वाटते. आमच्या गल्ल्यांत मराठी, गुजराती, हिंदी, उडिया, तेलुगू अशा अनेक भाषा बोलल्या जातात. शब्दांवाचून बोलणारे चित्र या सर्व घरांत सारखेच कळते. फडणीसांची अशी बोलकी चित्रे महाराष्ट्रातील गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही आली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मात्र गमतीचे चित्र म्हणजे वाटेल तशा रेघोट्या नव्हेत. त्यास निरीक्षणाचा आधार लागतो. खेकड्याच्या नांगीत खुशाल छत्री द्यावी. पण नांग्या धरून त्याचे पाय दहा आणि त्याची चाल तिरपी, हे विसरू नये. अष्टपादास आठ भुजा असतात; तेव्हा त्याला एकाच वेळी आठ वह्यांत गृहपाठ लिहावयास बसविता येईल!

मत्स्यकन्या तर केवळ कल्पनेतील. तथापि तिची शेपटी कोणती, हे आधी ठरवावे लागते. माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते; डॉल्फिन हा सस्तन प्राणी असून त्याची शेपटी आडवी असते व खाली-वर हलते. शेपटी बदलली की मत्स्यकन्येचे पोहणेही बदलले. कल्पनेलाही असे नियम पाळावे लागतात.

स्वाध्याय : कोणत्या दोन प्राण्यांची नक्षी शेजारी-शेजारी आली असता हसू येईल, ते शोधून चित्र काढा. खाली एकही अक्षर लिहू नका. मग ते मराठी न जाणणाऱ्या एखाद्या शेजाऱ्यास दाखवा. तो हसला, तर पाठ समजला असे आम्ही मानू.