पाळकांना हिशेब विचारणं पाप आहे का?

प्रश्न : दशांशाचा हिशेब विचारला, की आमचे पाळक इब्री 13:17 दाखवून पुढाऱ्यांचं ऐकलंच पाहिजे म्हणतात. वाळीत टाकण्याची धमकीही देतात. आम्ही चुकतोय का?
– एक वाचक, नांदुरा

उत्तर : नाही, निश्चिंत असा. त्याच वचनात पुढाऱ्यांनाही हिशेब द्यावा लागेल, असं बजावलं आहे. तेवढं मात्र सोयीने गाळलं जातं. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वडिलांना कळपावर सत्ता गाजवायला मनाई करतो. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंही शास्त्रात पडताळलं आणि त्यासाठी त्यांची वाखाणणी झाली (प्रेषितांची कृत्ये 17:11).

पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण धर्माधिकाऱ्यांचा शब्द डोळे मिटून मानला नाही. तिथल्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून वाद घातला. श्रद्धा सुटली नाही. पुढे त्यांनी स्वतः बायबलचा मराठी अनुवाद केला.

आधी दोन-तीन कुटुंबांनी मिळून मंडळीच्या पंचांकडे लेखी हिशेब मागावा. मंडळी नोंदणीकृत न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2017पासून कायदा लागू आहे. धमकी खरी झाली तर पोलिसांकडे जा. मात्र पावत्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा, आणि पुराव्याशिवाय अफरातफरीचा आरोप करू नका.