जथ्यात हरवलेला येशू
पवित्र भूमीच्या यात्रेविषयी एक अभ्यास

(शास्त्रपाठ : लूक 2:41-52; योहान 4:19-24; 1 पेत्र 2:4-5)



आपल्या उपनगरांतील धर्मग्रामांतून अनेक वर्षे पवित्र भूमीच्या यात्रा निघत आल्या आहेत. कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त जाते, कुणी निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर, तर कुणी मुलांनी तिकीट काढून दिले म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटले आणि ठरलेल्या कित्येक यात्रा रद्द झाल्या. "पुन्हा जायचे का? जायचे तर कसे?" हा प्रश्न घराघरांत निघतो. या लेखात आपण त्याचा विचार शुभवर्तमानाच्या प्रकाशात करणार आहोत. ज्यांना कधीच जाता येणार नाही, त्यांच्यासाठीही हा अभ्यास आहे.

येशूची पहिली सामूहिक यात्रा

संत लूक सांगतो की येशू बारा वर्षांचा असताना मरिया आणि योसेफ वल्हांडण सणासाठी त्याला घेऊन यरुशलेमला गेले. नाझरेथहून यरुशलेम म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. नातलग, शेजारीपाजारी, गावकरी असा मोठा जथा असे. आपल्याकडच्या पायी निघणाऱ्या दिंडीसारखाच तो प्रकार. परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाल्यावर मुलगा बरोबर नसल्याचे लक्षात आले. तो जथ्यातच कुठेतरी असेल, असे आईवडील धरून चालले होते.

या प्रसंगातील दोन गोष्टी ध्यानात घेऊ या. पहिली अशी, की यात्रेला निघालेल्या भाविक माणसांच्या गर्दीतही येशू नजरेआड होऊ शकतो. आपण धार्मिक कार्याला आलो आहोत, तेव्हा तो बरोबर असणारच, असे आपण गृहीत धरतो. दुसरी अशी, की तो सापडला तेव्हा शास्त्रीपंडितांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. ऐकणे आणि विचारणे हीच खरी अभ्यासयात्रा. या कसोटीवर आपली यात्रा तपासून पाहू या.

सोळाशे वर्षांहून जुनी वाट

सम्राट कॉन्स्टंटाईनची आई संत हेलेना चौथ्या शतकात पवित्र भूमीत गेली. पवित्र कबरीच्या चर्चचे समर्पण इसवी सन 335 मध्ये झाले. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून तिथे पोहोचली. ती जाईल तिथे त्या जागेचा शास्त्रपाठ वाचायची, प्रार्थना करायची आणि दिसेल ते लिहून ठेवायची. यरुशलेममध्ये पवित्र आठवडा कसा पाळला जाई, हे आज आपल्याला तिच्या टिपणांमुळे कळते.

संत जेरोम 386 च्या सुमारास बेथलेहेममध्ये राहायला गेला आणि बायबलच्या लॅटिन भाषांतराचे मोठे काम त्याने तिथेच केले. पवित्र भूमीवर इतके प्रेम करणाऱ्या या संतानेच एका पत्रात बजावले आहे की स्वर्गाचे दार यरुशलेममधून जितके जवळ आहे, तितकेच ते दूरच्या ब्रिटनमधूनही आहे. म्हणून ज्यांना जाणे परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, आणि जे जाऊन आले त्यांनी मोठेपणा मिरवू नये.

1219 मध्ये धर्मयुद्ध ऐन भरात असताना असिसीचा संत फ्रान्सिस शस्त्राविना इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटला. त्याच्या धर्मबंधूंकडे पोप सहावे क्लेमेंट यांनी 1342 मध्ये पवित्र स्थळांची राखण रीतसर सोपवली. ती सेवा आजही चालू आहे. गुड फ्रायडेला आपण चर्चमध्ये जी वर्गणी देतो, ती पवित्र भूमीसाठी जाते. पोप सहावे पॉल यांनी 1974 मध्ये या वर्गणीविषयी सर्व ख्रिस्तसभेला नव्याने आवाहन केले. तिच्यातून चर्चची देखभाल होते, तशाच तेथील ख्रिस्ती लोकांसाठी शाळा आणि घरेही उभी राहतात. म्हणजे आपण इथे बसूनही त्या यात्रेत थोडेफार सहभागी असतोच.

याच पोपमहोदयांनी जानेवारी 1964 मध्ये पवित्र भूमीला भेट दिली. तिथे त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे पॅट्रिआर्क अथेनागोरस यांना आलिंगन दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते जागतिक युखरिस्त परिषदेसाठी आपल्या मुंबईत आले. ज्येष्ठ मंडळींना तो सोहळा आठवत असेल.

दोन लोकांची एक भूमी

बसमधून उतरण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असलेला बरा. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांनी ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. यरुशलेम कोणा एकाकडे न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवावे, असे त्यात म्हटले होते. भारताने ठरावाच्या विरोधात मत दिले. 1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाली. युरोपात साठ लाख ज्यूंची कत्तल होऊन तीनच वर्षे झाली होती. त्या लोकांना हक्काचे घर मिळाले. त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. 1967 च्या युद्धात पूर्व यरुशलेम, पश्चिम किनारा आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात आले. 1993 च्या ऑस्लो करारानंतर बेथलेहेमचा कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे गेला. भारताने पॅलेस्टाईनला 1988 मध्ये मान्यता दिली आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध 1992 मध्ये जोडले.

यरुशलेमहून बेथलेहेम दहा किलोमीटरच्या आत आहे. अंधेरीहून बोरिवलीला जाण्याइतकेच. पण मध्ये उंच काँक्रीटची भिंत आणि तपासणी नाका आहे. 2000 नंतर इस्रायलमध्ये आत्मघाती स्फोटांत शेकडो नागरिक मेले, तेव्हा 2002 मध्ये या भिंतीचे काम सुरू झाले. भिंतीमुळे जीव वाचले, असे इस्रायली सांगतात. भिंतीचा बराच भाग आमच्या जमिनीतून जातो आणि शेते, नातलग, दवाखाने तुटतात, असे पॅलेस्टिनी सांगतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये ही भिंत कायद्याला धरून नाही, असे सल्लावजा मत दिले.

मुंबईहून गेलेला यात्रेकरू परदेशी पासपोर्टवर हा नाका सहसा सहज ओलांडतो. पण बेथलेहेममध्ये जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाला पुनरुत्थानाचा सण पवित्र कबरीच्या चर्चमध्ये साजरा करायचा असेल, तर त्याला लष्कराचा परवाना लागतो. तो दर वेळी मिळतोच असे नाही, आणि कधी नवऱ्याला मिळतो, बायकोला मिळत नाही. जी वाट आपण एका सकाळी चालून येतो, ती त्याला दारात असूनही दूर आहे.

दगड आणि जिवंत दगड

संत पेत्र ख्रिस्ती लोकांना जिवंत दगड म्हणतो. आपल्या यात्रांमध्ये प्राचीन दगड खूप पाहिले जातात. जिवंत दगड मात्र खिडकीतून मागे सरकतात. कानामध्ये विवाहाची वचने पुन्हा दिली जातात, यार्देनमध्ये पाय बुडवले जातात, मृत समुद्रावर फोटो निघतात. हे सर्व चांगलेच आहे. पण दहा दिवसांत एकाही स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाशी बोलणे झाले नाही, तर मरिया-योसेफांसारखे एक दिवसाची मजल मागे फिरायला हवे.

तेथील बहुसंख्य ख्रिस्ती लोक अरब आहेत. मिस्सामध्ये ते देवाला 'अल्ला' म्हणतात, कारण अरबी भाषेत देवाला तोच शब्द आहे. एकेकाळी बेथलेहेममध्ये ख्रिस्ती बहुसंख्य होते. आज ते अल्पसंख्य आहेत. अनेकांचे पोट ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती, जपमाळा आणि यात्रेकरूंच्या मुक्कामांवर चालते. 2023 आणि 2024 च्या नाताळात तिथे नेहमीचा सार्वजनिक सोहळा झाला नाही.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात ऑक्टोबर 2025 च्या युद्धविरामापर्यंत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार, 67,000 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाझामध्ये एकच कॅथलिक धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाचे. पोप फ्रान्सिस एप्रिल 2025 मध्ये निधन होईपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करून विचारपूस करीत. 17 जुलै 2025 रोजी त्या चर्चवर तोफगोळा पडला. तिघांचा मृत्यू झाला, धर्मगुरूही जखमी झाले. त्यापूर्वी, ओलीस नेलेल्या मुलांच्या बदल्यात मला घ्या, असे यरुशलेमचे कार्डिनल पिझाबाल्ला यांनी ऑक्टोबर 2023 मध्येच सांगितले होते. ज्यू मुलासाठी जीव द्यायला तयार असणारा आणि गाझातील आपल्या लोकांसाठी रडणारा मेंढपाळ एकच आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे : दोन्ही लोकांना सुरक्षित, स्वतंत्र राष्ट्र आणि यरुशलेमला आंतरराष्ट्रीय हमीचा विशेष दर्जा. त्याचप्रमाणे 28 ऑक्टोबर 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यू लोकांवर ठेवण्यास मनाई केली आहे. क्रूसाच्या वाटेवर चालताना आपल्या तोंडून तसा शब्द निघता कामा नये.

पवित्र कबरीचे चर्च स्वतःच एक धडा आहे. तिथे ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन असे सहा समाज एका छपराखाली उपासना करतात. कोणी कुठला दिवा लावायचा, कुठली पायरी झाडायची, हे तुर्की अमदानीतील जुन्या नियमांनी ठरलेले आहे. दरवाजाची किल्ली मात्र शतकानुशतके दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. ख्रिस्ती लोकांच्या भांडणाची लाज वाटावी आणि शेजारधर्माचे कौतुकही वाटावे, असे हे दृश्य आहे.

मराठीची खूण

इस्रायलमध्ये आपल्याला मराठी ऐकू येऊ शकते. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणत, त्यांतील बहुतेक कुटुंबे 1948 नंतर तिकडे गेली. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत पेणकर, किहीमकर अशी आडनावे भेटतात. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या पुस्तकात यात्रा आणि तेथील संघर्ष यांचा एकत्र वेध घेतला. भाविकाने डोळे उघडे ठेवून कसे फिरावे, याचा तो मराठीतील चांगला नमुना आहे.

आपल्या दारातील पवित्र भूमी

वादग्रस्त पवित्र जागा पाहायला विमानात बसावेच लागते असे नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात शिवमंदिर आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ते ताब्यात घेऊन तिथे चर्च केले आणि वर मठ बांधला. तेथील एका कोरीव भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि ते चर्च बंद पडले. आज तिथे पुन्हा शिवपूजा होते आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर आपली खूण कोरणे म्हणजे काय, हे आपण त्या क्रूसापुढे उभे राहून प्रामाणिकपणे विचारावे.

अंधेरीला सीप्झच्या कुंपणात संत योहान बाप्तिस्ताच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. ते 1579 मध्ये बांधले गेले. 1840 च्या साथीनंतर लोक मरोळला गेले. आज एरवी तिथे मोकळेपणाने जाता येत नाही; वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. पूर्वजांच्या चर्चमध्ये जाण्यासाठी फाटकावर थांबावे लागते म्हणजे काय, हे मरोळच्या माणसाला ठाऊक आहे. बेथलेहेमच्या माणसाचे दुःख त्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

1. परिस्थिती बदलती आहे. पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात आणि यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

2. निघण्यापूर्वी गटाने किमान चार वेळा एकत्र जमावे. तीन वेळा शास्त्रपाठ, एकदा इतिहास.

3. एक तरी मुक्काम बेथलेहेममध्ये असावा. खरेदी तेथील कारागिराकडून करावी, आणि घासाघीस बेताची.

4. एका तरी रविवारी स्थानिक धर्मग्रामाच्या अरबी मिस्साला जावे. भाषा कळली नाही तरी मिस्सा कळते.

5. ज्यू मार्गदर्शकाचे ऐकावे, पॅलेस्टिनी मार्गदर्शकाचेही ऐकावे. मत लगेच देऊ नये, प्रश्न विचारावेत.

6. पश्चिम भिंतीपाशी आणि मशिदींच्या आवारात तेथील पेहराव व शिस्त पाळावी. प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत.

7. परतल्यावर छायाचित्रांबरोबर भेटलेल्या एका माणसाची हकिगत आपल्या समूहाला सांगावी.

समूहांत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या धार्मिक कार्यक्रमांच्या गर्दीत येशूला आपण कधी गृहीत धरतो?

2. शोमरोनी स्त्रीने येशूला विचारले की उपासनेची खरी जागा कोणती. त्याने तिला दिलेल्या उत्तराचा आज यरुशलेमसाठी आणि आपल्या वस्तीसाठी काय अर्थ आहे?

3. आपल्या परिसरात इतर धर्मीयांच्या श्रद्धास्थानांशी आपले वागणे कसे आहे?

4. येत्या गुड फ्रायडेची वर्गणी देताना आपण कोणाची आठवण ठेवू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, यरुशलेम नगरी पाहून तू रडलास. त्या भूमीत मुले गमावलेल्या सर्व आईबापांचे सांत्वन कर, मग ते ज्यू असोत, मुस्लिम असोत वा ख्रिस्ती. तेथील आमच्या भावंडांना टिकून राहण्याचे बळ दे. आम्ही जिथे राहतो ती गल्ली, ती चाळ, ती सोसायटी शांतीची भूमी व्हावी म्हणून आम्हांला ऐकायला शिकव. आमेन.