हेरिंग मासळीचे बंदर

आइसलँड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सिग्लुफ्योर्दुर नावाचे बंदर आहे. शिक्षकांनी प्रथम नकाशात त्याचे स्थान दाखवावे. सभोवती उंच डोंगर असून त्यांच्यामधून समुद्राची चिंचोळी खाडी आत आली आहे. डोंगरांच्या आडोशामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत गावास सूर्यदर्शन होत नाही. पूर्वी खिंड बर्फाने बुजली की समुद्राखेरीज वाट उरत नसे. १९६७ साली डोंगरातून बोगदा झाला, तेव्हा कोठे ही अडचण दूर झाली.

अशा आडबाजूच्या गावास ऐश्वर्य आणले ते हेरिंग या दीड वीत लांबीच्या रुपेरी मासळीने. ही मासळी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ अंडी घाली व उन्हाळ्यात सूक्ष्म जलजीव खाण्यासाठी थव्याथव्यांनी आइसलँडच्या उत्तरेस येई. १९०३ साली नॉर्वेचे कोळी तिच्या मागोमाग येथे आले आणि खारवणाचा धंदा सुरू झाला. हंगाम उन्हाळ्यापुरताच, परंतु तेवढ्या काळात खाडी गलबतांनी भरून जाई. देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रिया व मुली कामास येत आणि खारवणाच्या वखारींच्या माडीवर दाटीवाटीने राहत. हेरिंग लवकर नासते; म्हणून गलबत धक्क्यास लागले की मध्यरात्र असो वा पहाट, त्यांना कामास उभे राहावे लागे. मासळीचे डोके व आतडी काढावयाची, मिठाचे थर देऊन ती पिंपात रचावयाची. पिंप भरले की धातूचा एक बिल्ला मिळे. तो त्या आपल्या बुटात टाकीत आणि बिल्ल्यांच्या संख्येवर मजुरी ठरे. उरलेली मासळी कारखान्यांत जाऊन तिचे तेल व भुकटी होई. १९५० च्या सुमारास गावाची वस्ती तीन हजारांवर होती.

१९४५ पासून कित्येक हंगाम निराशेचे गेले होते. तरीही १९६० नंतर पुन्हा विक्रमी मासळी आली, ती नव्या साधनांमुळे. ध्वनिलहरींनी पाण्याखालचा थवा हुडकणारे यंत्र, नायलॉनची जाळी आणि ती ओढणारी यांत्रिक कप्पी गलबतांवर आली होती. येथे विद्यार्थ्यांना थोडे थांबवून विचार करावयास लावावे. पकड वाढली म्हणजे समुद्रातील मासळी वाढली, असे वाटणे स्वाभाविक आहे. मोठ्या माणसांनाही तसेच वाटले. वस्तुतः शिल्लक राहिलेले थवेही आता निसटू शकत नव्हते. तिकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावर कोवळी पिलेही बेसुमार पकडली जात होती. त्यातच उत्तरेकडील समुद्र थंड होत गेला.

१९६९ साली हेरिंग आलीच नाही. कारखाने थंडावले, वखारी ओस पडल्या, कुटुंबे गाव सोडून गेली. मासेमारीवर कडक निर्बंध घातल्यावरही साठा सावरण्यास सुमारे वीस वर्षे लागली; सिग्लुफ्योर्दुरचे ते हंगाम मात्र परत आले नाहीत. आज तेथे सुमारे बाराशे लोक राहतात. १९०७ साली बांधलेल्या एका वखारीत आता संग्रहालय आहे, आणि उन्हाळ्यात तेथे प्रवाशांना हेरिंग खारविण्याची जुनी रीत करून दाखविली जाते.